रहस्यकादंबरीकारांचे लेखनजीवन

गुन्ह्याचा शोध, हेरगिरी, पाठलाग, कारस्थान यांसारख्या विषयांभोवती गुंफलेल्या आणि वाचकाची उत्कंठा अखेरपर्यंत टिकवून धरणाऱ्या कादंबऱ्यांना स्थूलमानाने रहस्यकादंबरी म्हणतात. ह्या प्रकारातील लेखक शीघ्रलेखनासाठी प्रसिद्ध आहेत. कोणी पंधरवड्यात, तर कोणी दोन-तीन दिवसांत कादंबरी हातावेगळी केल्याच्या हकीकती सर्वत्र सांगितल्या जातात. ह्या हकीकतींमुळे लेखकाभोवती अद्‌भुततेचे वलय निर्माण होते. त्याचबरोबर असे लेखन यांत्रिक ठरवून साहित्यविचारातून वगळणेही सोपे जाते. तथापि लेखकांच्या टिपणवह्या, हस्तलिखिते, मुलाखती व आत्मकथने तपासली असता वेगळे चित्र दिसते. शीघ्रलेखन हा बहुधा दीर्घ पूर्वतयारीचा अखेरचा, लोकांच्या नजरेस येणारा टप्पा असतो. जेथे अशा तयारीला अवकाश उरला नाही, तेथे पैसा, प्रकृती वा कृतीचा दर्जा यांपैकी कशाची तरी झीज लेखकाला सोसावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या काही प्रमुख लेखकांच्या आधारे ह्या लेखनपद्धतींचा इतिहास येथे दिला आहे.

साप्ताहिक हप्त्यांचा काळ : इंग्रजी रहस्यकादंबरीची जडणघडण नियतकालिकांच्या पानांवर झाली. विल्की कॉलिन्स (१८२४–८९) ह्याची द वुमन इन व्हाइट ही कादंबरी चार्ल्स डिकिन्झच्या ऑल द यिअर राउंड ह्या साप्ताहिकातून नोव्हेंबर १८५९ ते ऑगस्ट १८६० ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला ठराविक मजकूर देणे आणि हप्त्याच्या शेवटी वाचकाची उत्सुकता ताणून धरणे, ही दोन बंधने लेखकावर होती. प्रकरणाच्या शेवटी प्रसंग अर्ध्यावर सोडण्याची रहस्यकादंबरीतील रूढी बव्हंशी ह्या व्यवहारातून दृढ झाली. पुढील मजकूर लिहिला जात असताना मागील मजकूर छापून वाचकांच्या हाती गेलेला असे. त्यामुळे केलेली चूक मागे जाऊन दुरुस्त करता येत नसे. ही कादंबरी पुस्तकरूपाने आल्यावर द टाइम्समधील परीक्षणात तिच्या कालगणनेतील विसंगती दाखवून देण्यात आली. रहस्याची उकल तारखांवरच अवलंबून असल्याने हा दोष किरकोळ नव्हता. कॉलिन्सने पुढील आवृत्तीत तो दुरुस्त केला.

श्रीरंगपट्टणच्या १७९९ मधील वेढ्यात लुटलेल्या एका हिऱ्याभोवती रचलेली त्याची द मूनस्टोन ही कादंबरी १८६८ मध्ये त्याच साप्ताहिकातून आली. लेखन चालू असताना कॉलिन्सची आई मृत्यू पावली व तो स्वतः संधिवाताने अंथरुणास खिळला. वेदनाशमनासाठी तो अफूचा अर्क घेत असे. अशा स्थितीत कादंबरीचा मोठा भाग आपण तोंडी सांगून लिहवून घेतला, अशी हकीकत पुढे प्रसृत झाली. उपलब्ध हस्तलिखितात मात्र दुसऱ्याच्या हस्ताक्षरातील पाने थोडीच आहेत. बाकीची स्वतः कॉलिन्सने लिहिली आहेत. आजारी लेखक, अफू व तोंडी सांगितलेली कथा हे चित्र वाचकांना भावले. पण वेदना सोसत रोज लेखणी चालविणाऱ्या माणसाचे श्रम त्यामागे झाकले गेले. प्रसिद्ध हकीकत आणि कागदोपत्री पुरावा यांतील असे अंतर ह्या लेखनप्रकाराच्या इतिहासात पुन्हापुन्हा आढळते.

एडगर वॉलेस आणि वेगाचा व्यापार : विसाव्या शतकाच्या आरंभी स्वस्त पुस्तके व वृत्तपत्रे यांचा वाचकवर्ग झपाट्याने वाढला. ह्या बाजारपेठेचा ठळक प्रतिनिधी म्हणजे एडगर वॉलेस (१८७५–१९३२). लंडनच्या मासळीबाजारातील एका हमालाच्या कुटुंबात तो दत्तक म्हणून वाढला. दक्षिण आफ्रिकेत त्याने प्रथम सैनिक व नंतर वार्ताहर म्हणून काम केले. द फोर जस्ट मेन (१९०५) ही पहिली रहस्यकादंबरी त्याने स्वतःच प्रकाशित केली. कथेतील खून कसा झाला हे ओळखणाऱ्यांना एकूण ५०० पौंडांची बक्षिसे त्याने जाहीर केली. परंतु बिनचूक उत्तरे किती जणांना बक्षीस मिळवून देतील, ह्यावर मर्यादा घालण्याचे तो विसरला. पुस्तक खपले आणि लेखक कर्जात बुडाला.

पुढील आयुष्यात वॉलेसने १७० हून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. तो बहुधा कथा तोंडी सांगत असे. त्याचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित होई व त्याचा चिटणीस तो टंकलिखित करी. हातात लांब सिगारेटनळी, जवळ गोड चहाचे पेले व बंद खोली, अशा थाटात एखादी कादंबरी आठवडाअखेरच्या दोन-तीन दिवसांत पुरी होत असे. इंग्लंडमध्ये वाचल्या जाणाऱ्या दर चार पुस्तकांमागे एक वॉलेसचे असते, असा दावा त्याच्या भरभराटीच्या काळात केला जाई. त्याच्या वेगाची ही ख्याती पुस्तकविक्रीस पोषक असल्यामुळे तिचा प्रसार करण्यात लेखक व प्रकाशक या दोघांचेही हित होते.

ह्या वेगामागे खर्चिक राहणी, घोड्यांच्या शर्यतींचा नाद व सतत वाढते कर्ज होते. १९३१ च्या अखेरीस तो हॉलिवुडला गेला. तेथे किंग काँग ह्या चित्रपटाच्या कथेवर काम करीत असताना १० फेब्रुवारी १९३२ रोजी फुप्फुसदाहाने त्याचे निधन झाले. मागे राहिलेले मोठे कर्ज त्याच्या पुस्तकांच्या स्वामित्वधनातून काही वर्षांत फिटले. त्याच्या कथांत प्रसंगांची चपळ मांडणी व संवादांचा जिवंतपणा आढळतो; मात्र पात्रांची एकसुरी रेखाटणी व सैल शेवट हे दोषही आढळतात. तोंडी सांगितलेला मजकूर पुन्हा वाचून आवरण्यास जो वेळ लागतो, तो त्याच्या जीवनक्रमात उरलाच नव्हता.

झॉर्झ सिमेनाँ : फ्रेंच भाषेत लिहिणारा बेल्जियन कादंबरीकार झॉर्झ सिमेनाँ (१९०३–८९) ह्याने वॉलेसइतक्याच वेगाने लिहून वेगळा परिणाम साधला. किशोरवयात लिएझ येथील वृत्तपत्रात वार्ताहरी केल्यावर १९२२ च्या अखेरीस तो पॅरिसला आला. १९३१ पूर्वी त्याने निरनिराळ्या टोपणनावांनी सु. २०० लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या. हे लेखन म्हणजे त्याची उमेदवारी होती. त्याच्या कथांत वाङ्‌मयीन अलंकरण फार आहे, ते काढून टाकावे, असा सल्ला त्याला प्रसिद्ध लेखिका कोलेत हिने दिला व तो त्याने आयुष्यभर पाळला. १९३१ मध्ये पोलीस-निरीक्षक मेग्रे ह्याच्या कथा त्याच्या स्वतःच्या नावाने, जवळजवळ दरमहा एक ह्या गतीने, प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढे मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या झाल्या. स्वतःच्या नावाने लिहिलेल्या त्याच्या एकूण कादंबऱ्या १९० च्या वर आहेत.

सिमेनाँने आपली पद्धती १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत सविस्तर सांगितली आहे. प्रथम तो एका मोठ्या पाकिटावर पात्रांची नावे, वये, पत्ते व नातीगोती टिपून ठेवी. नावे शोधण्यासाठी दूरध्वनी-निर्देशिका चाळी. एखाद्या सामान्य माणसाला त्याच्या सहनशक्तीच्या टोकापर्यंत नेण्यासाठी काय घडावे लागेल, हा प्रश्न तो स्वतःस विचारी. लेखनास बसण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेई. कारण त्यानंतरचे सु. अकरा दिवस तो कोणास भेटत नसे की दूरध्वनी घेत नसे. रोज एक प्रकरण पुरे करावयाचे, असा नियम होता. ह्या काळात दोन दिवसांचे आजारपण आले, तर लिहिलेला मजकूर तो टाकून देई. पात्राच्या मनःस्थितीचा ताण इतके दिवसच सहन होतो, म्हणून आपल्या कादंबऱ्या आटोपशीर असतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. नंतरचे सु. तीन दिवस तो संस्करणास देई व विशेषणे, क्रियाविशेषणे आणि केवळ परिणामासाठी आलेले शब्द काढून टाकी. त्याच्या गद्याची उघडीवाघडी धाटणी व कथांचा घट्ट बंध ह्या दिनक्रमाशी थेट निगडित आहेत. ही पाकिटे आता लिएझ विद्यापीठातील त्याच्या संग्रहात जतन केलेली आहेत.

सिमेनाँच्या बाबतीतही वेगाची दंतकथा निर्माण झाली. १९२७ मध्ये एका वृत्तपत्रमालकाने त्याच्याशी असा करार केला, की त्याने पॅरिसमध्ये काचेच्या खोलीत बसून लोकांसमक्ष कादंबरी लिहावी. ही योजना बारगळली. तरीही आपण तो प्रकार प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणारे लोक पुढे निघाले व कित्येक लेखांत त्याचे वर्णन घडलेली घटना म्हणून आले. १९७२ नंतर सिमेनाँने कादंबरीलेखन थांबवले. पात्रांच्या जीवनात शिरण्याचा तो ताण आता झेपत नाही, हे जाणवल्यावर तो ध्वनिमुद्रकावर आठवणी सांगू लागला. त्यांचे एकवीस खंड झाले.

टिपणवह्यांतील तयारी : अ‍ॅगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) हिने ६६ रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. लेखनासाठी तिला स्वतंत्र खोलीची गरज भासत नसे. स्थिर मेज व टंकलेखनयंत्र पुरेसे असे. १९५२ मध्ये मनगट मोडल्यावर ती ध्वनिमुद्रकाचाही वापर करू लागली. तिची खरी कार्यशाळा तिच्या टिपणवह्या होत. त्यांपैकी ७३ वह्या उपलब्ध असून त्यांवर आधारलेला जॉन करन ह्याचा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या वह्या कालानुक्रमे लिहिलेल्या नाहीत. एकाच वहीत निरनिराळ्या दशकांतील नोंदी सापडतात; कथानकाच्या आराखड्याशेजारी बाजारहाटाची यादी आढळते. खुनी कोण असावा, ह्याचे पर्याय तिने अ, ब, क असे मांडलेले दिसतात आणि पुष्कळदा प्रथम ठरविलेला गुन्हेगार पुढे बदललेला दिसतो. एखादी कल्पना वापरात येण्यापूर्वी अनेक वर्षे वहीत पडून असे. अपरिहार्य वाटणारा शेवट असा अनेक पर्याय तपासून हाती येई, हे ह्या वह्यांवरून समजते.

पूर्वायुष्यातील कामाचा उपयोग हाही तयारीचाच भाग होय. पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात काम करताना ख्रिस्तीला विषांचे ज्ञान झाले. तिच्या द मिस्टीरिअस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स (१९२०) ह्या पहिल्या कादंबरीतील स्ट्रिक्निनचा प्रयोग इतका शास्त्रशुद्ध होता, की औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानेही त्याची प्रशंसा केली. दुसऱ्या महायुद्धात तिने दोन कादंबऱ्या लिहून राखून ठेवल्या. त्यांपैकी हेर्क्यूल प्वारोची अखेरची कथा १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली.

गुन्हेगाराच्या मनाचा शोध घेणारी अमेरिकन लेखिका पट्रिशिया हायस्मिथ (१९२१–९५) हिने विद्यार्थिदशेपासून दैनंदिनी व लेखनविषयक वह्या असे दोन संच चालविले. त्यांची सु. ८,००० पृष्ठे बर्न येथील स्विस साहित्यसंग्रहात आहेत. आरंभीच्या काळात चित्रकथांची संहिता लिहून तिने उपजीविका केली. १९६६ मध्ये तिने उत्कंठाप्रधान कथालेखनावर एक पुस्तक लिहिले व त्यात आपल्या फसलेल्या प्रयत्नांचीही मोकळेपणाने चर्चा केली.

नोकरी, सुट्टी आणि लेखन : रहस्यकादंबरीकारांपैकी पुष्कळांनी दुसरा व्यवसाय सांभाळून, अथवा तो गमावल्यामुळे, लेखन सुरू केले. अमेरिकन कादंबरीकार रेमंड चँडलर (१८८८–१९५९) ह्याची तेलकंपनीतील नोकरी १९३२ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, सुटली. ब्लॅक मास्क ह्या मासिकात १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कथेवर त्याने पाच महिने घालविले. द बिग स्लीप (१९३९) ही पहिली कादंबरी मात्र तीन महिन्यांत पुरी झाली. कारण तीत त्याने स्वतःच्या पूर्वीच्या कथांतील प्रसंग नव्याने गुंफले होते. रोज किमान चार तास लिहावे, अथवा लिहिणे जमत नसेल तर दुसरे काहीही न करता बसावे, असा त्याचा नियम होता. तो कागदाच्या अर्ध्या तावांवर टंकलेखन करी, म्हणजे नापसंत मजकूर थोडक्यात पुन्हा लिहिता येई.

इंग्रज कादंबरीकार ग्रेअम ग्रीन (१९०४–९१) हा रोज सु. ५०० शब्द लिही व तेवढे झाल्यावर थांबे. ह्या नियमाला त्याने एकदा फाटा दिला. युद्धाची छाया दिसू लागल्यावर कुटुंबाच्या चरितार्थाची तरतूद म्हणून त्याने द कॉन्फिडेन्शल एजंट (१९३९) ही कादंबरी सहा आठवड्यांत लिहिली. सकाळी हे लेखन व दुपारी द पॉवर अँड द ग्लोरी (१९४०) ह्या कादंबरीचे काम, असा क्रम ठेवण्यासाठी तो बेंझेड्रीन हे उत्तेजक औषध घेत असे. संध्याकाळी थरथरते हात व खिन्न मन घेऊन आपण घरी परतत होतो आणि आपला संसार मोडण्यास हे दिवस बरेच कारणीभूत ठरले, असे त्याने १९८० मधील आत्मकथनात नमूद केले आहे.

इयन फ्लेमिंग (१९०८–६४) ह्याने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम केले होते. युद्धानंतर वृत्तपत्रसमूहातील नोकरी स्वीकारताना त्याने वर्षातून दोन महिन्यांची रजा मान्य करून घेतली. ही रजा तो जमेकातील आपल्या ‘गोल्डनआय’ ह्या घरी घालवी. जेम्स बाँडची पहिली कथा कॅसिनो रॉयाल (१९५३) त्याने १९५२ च्या आरंभी तेथेच लिहिली व पुढील कथाही दर हिवाळ्यात तेथेच लिहिल्या. सकाळचे सु. तीन तास व संध्याकाळी एक तास, रोज सु. २,००० शब्द, आणि लिहिलेले मागे वळून न वाचणे, हा त्याचा परिपाठ होता. स्थलवर्णने, तांत्रिक माहिती व दुरुस्त्या यांचे काम लंडनला परतल्यावर होई. प्रकृती ढासळलेली असताना लिहिलेल्या अखेरच्या कादंबरीवर त्याला असे संस्करण नेहमीप्रमाणे करता आले नाही. ती त्याच्या मृत्यूनंतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली व तिच्यातील विरळपणा समीक्षकांच्या लक्षात आला.

जॉन ल कॅरे (१९३१–२०२०) ह्या टोपणनावाने लिहिणारा डेव्हिड कॉर्नवेल हा ब्रिटिश गुप्तवार्ता खात्यात नोकरीस असल्याने त्याला स्वतःच्या नावाने लिहिता येत नव्हते. पहिले लेखन त्याने लंडनला जाता-येता आगगाडीत छोट्या वह्यांमध्ये केले. द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड (१९६३) ही कादंबरी बॉन येथील दूतावासात असताना सु. पाच आठवड्यांत लिहून झाली. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहताना पाहिलेले दृश्य व खात्यातील अनुभव तिच्या मुळाशी आहेत. तो नेहमी हातानेच लिही. पत्नी जेन मजकूर टंकलिखित करी. त्यावर तो पुन्हा काटछाट करी, आणि कथेच्या घडणीत तिच्या मताला मोठे स्थान होते. ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयातील त्याच्या कागदपत्रांत एकेका प्रसंगाचे अनेक खर्डे आहेत. वॉलेसचा चिटणीस व कॉर्नवेलची पत्नी यांच्यासारख्या साहाय्यकांचे श्रम मुखपृष्ठावर कधीच नोंदले गेले नाहीत. पण ह्या लेखनव्यवसायाचा ते आधार होते.

फ्रेडरिक फोर्साइथ (१९३८–२०२५) हा बिआफ्राच्या युद्धाचे वार्तांकन करून परतला, तेव्हा त्याच्याजवळ पैसे नव्हते. १९७० च्या जानेवारीपासून ३५ दिवसांत त्याने द डे ऑफ द जॅकल ही कादंबरी टंकलिखित केली. अनेक प्रकाशकांनी नाकारल्यावर ती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल ह्याच्या हत्येचा कट हा तिचा विषय आहे. १९६२–६३ मध्ये पॅरिसला वृत्तसंस्थेचा वार्ताहर म्हणून द गॉलच्या हालचालींवर लक्ष ठेवणे हे त्याचे कामच होते; त्यामुळे ३५ दिवसांपूर्वी त्या विषयाची अनेक वर्षांची पुंजी त्याच्यापाशी जमा झालेली होती.

मराठीतील परंपरा : मराठीत बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, काळापहाड व झुंजार ही त्यांची पात्रे घरोघरी परिचित होती. अल्प किंमतीची, आटोपशीर पृष्ठसंख्येची पुस्तके सातत्याने काढणे आणि ती खासगी वाचनालयांतून फिरणे, ह्या व्यवहाराने मराठी रहस्यकथेचा आकार ठरविला. एकच नायक पुस्तकागणिक परतून येत असल्याने वाचकाची ओळख टिके व लेखकालाही प्रत्येक वेळी कथाविश्व नव्याने उभारावे लागत नसे. गुरुनाथ नाईक यांचीही ग्रंथसंख्या हजारावर गेली. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी अशा नायकांच्या कथा लिहिल्या. दुनियादारी (१९८२) ह्या त्यांच्या सामाजिक कादंबरीतील संवादांची सहजता व कथनाची गती ह्या दीर्घ सरावाशी जोडून पाहावी लागते. पुस्तकांचा आकडा सांगून ह्या लेखकांचा गौरव केला जातो व त्याच आकड्यामुळे समीक्षेने त्यांच्याकडे दुर्लक्षही केले.

मूल्यमापन : ह्या वृत्तांतावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. रहस्यकादंबरीत शेवट आधी ठरवून आरंभापर्यंत मागे यावे लागते. त्यामुळे रचनेचे काम प्रत्यक्ष लेखनापूर्वी, वहीत, पाकिटावर वा मनात झालेले असते आणि लेखन वेगाने होऊ शकते. दिवसाला ठराविक शब्द वा एक प्रकरण ह्यांसारखे नियम उत्कंठेचा ताण सलग राखण्यास उपकारक ठरतात. लेखनाचा वेग मात्र गुणवत्तेची साक्ष देत नाही व तिच्याविरुद्धही पुरावा ठरत नाही. सिमेनाँचे अकरा दिवस आणि वॉलेसचे दोन-तीन दिवस यांतील फरक दिवसांच्या संख्येपेक्षा त्यांच्या आधी व नंतर केलेल्या कामात आहे.

ह्यामुळे अशा लेखकांच्या कागदपत्रांना विशेष महत्त्व येते. कॉलिन्सचे हस्तलिखित, ख्रिस्तीच्या वह्या वा सिमेनाँची पाकिटे टिकली नसती, तर त्यांच्याविषयीच्या दंतकथाच इतिहास म्हणून उरल्या असत्या. लोकप्रिय पुस्तके हलक्या कागदावर छापली जातात, हातोहात फिरतात व लवकर जीर्ण होतात. त्यांचे खर्डे तर रद्दीतच जातात. मराठीतील रहस्यकथाकारांच्या वह्या, पत्रव्यवहार, प्रकाशकांशी झालेले करार व मूळ आवृत्त्या यांचे संकलन आणि जतन हे त्यामुळे मराठी वाङ्‌मयेतिहासाचे निकडीचे कार्य ठरते. तीन-चार पिढ्यांना वाचनाची गोडी लावणाऱ्या ह्या लेखनाचे मूल्यमापन अशा साधनांच्या आधारेच होऊ शकेल.